एकशे ऐंशी बाय पन्नास

जुना रेडिओ गप्प झाला तेव्हा आम्ही दोघं मोटरसायकलवरून पावसातून चाललो होतो. आधी डाव्या स्पीकरचा आवाज गेला, मग दोन्हीकडून खरखर, मग एक बारीकसं 'टक्' आणि पडदा काळा. मागून हिनं खांद्यावर थाप मारली. ती थाप 'थांब' अशी नव्हती, 'काय झालं रे?' अशी होती. वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या थापांना व्याकरण असतं, आणि ते मला बऱ्यापैकी येतं.

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. प्रेमाच्या माणसाची तक्रार चारचौघांत नावानिशी करू नये. एवढंच सांगतो की ती लांबच्या प्रवासाची, अंगापिंडानं भरलेली गाडी आहे. समोर मोठं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कवच, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि फेअरिंगच्या पोटात कंपनीनं बसवलेला रेडिओ. त्याला कॅसेटचा कप्पा होता. कॅसेट त्यात कित्येक वर्षांत गेली नव्हती. हातमोज्यांची एक सुटी जोडी मात्र त्यावर टेकून ठेवायची सवय लागली होती.

ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: हेल्मेटमध्ये ब्लूटूथ बसव, विषय संपव. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. कानाला चिकटलेला स्पीकर वाऱ्याशी भांडत बसत नाही, शेजारच्यांची झोप मोडत नाही, मागच्या माणसाशी बोलताही येतं. मापानं बघितलं तर फेअरिंगमधला रेडिओ प्रत्येक बाबतीत हरतो. तरीही मला रेडिओच हवा होता, आणि का ते तेव्हा नीट सांगता येईना. फोनमधली गाणी मीच भरलेली असतात. पुढचं कुठलं लागणार हे अंगठ्यालाही ठाऊक असतं. रेडिओवर कोण काय बोलेल ते माझ्या हातात नसतं, आणि गाव मागे पडलं की त्या गावचा आवाजही मागे पडतो. फोनमधलं गाणं पाचशे किलोमीटरवरही तस्सं वाजतं. हे मी हिला सांगितलं तर ही म्हणाली, "सरळ सांग ना, तुला काहीतरी खोलून बसायचंय."

तेही खरं होतं.

चालत्या वाहनात रेडिओ बसवण्याचं वेड जुनं आहे. १९३० साली पॉल गॅल्विननं आपल्या मोटारीत रेडिओ बसवला, ती शिकागोहून अटलांटिक सिटीपर्यंत हाकत नेली आणि रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाबाहेर उभी करून आवाज मोठा केला. येणारे-जाणारे थांबून ऐकू लागले. मोटर आणि त्या काळच्या ग्रामोफोनांच्या नावामागे लागणारं 'ओला' जोडून त्यानं नाव ठेवलं मोटोरोला. दुचाकीवर ही चैन रुळायला वेळ लागला. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये आली ती उघडीवाघडी, फेअरिंगशिवाय. कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावलेली तिची 'इंटरस्टेट' ही आवृत्ती आली १९८० मध्ये, आणि त्या फेअरिंगमध्ये हवा असल्यास स्टिरिओ बसवता येत असे. फेअरिंग आलं म्हणून रेडिओला घर मिळालं. वाऱ्याआड जागा झाल्याशिवाय आवाजाला टेकायला जागा नव्हती.

या घराच्या दाराचं माप ठरलेलं आहे: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून याला 'डिन' म्हणतात. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही झालं. कुठल्याही देशातला, कुठल्याही कंपनीचा डिन रेडिओ कुठल्याही डिन खाचेत बसावा, इतकी साधी कल्पना. दुचाकीवाल्यांनी मात्र ती नेहमीच पाळली असं नाही. माझ्या गाडीतली खाच डिनपेक्षा मोठी, आणि तिच्या कडा सरळही नाहीत. म्हणजे मध्ये बसवायला वेगळी चौकट लागणार. त्यातून मला एक गोष्ट कळली जी आधी कळायला हवी होती: दाराच्या मापापेक्षा खोलीची खोली महत्त्वाची. मोटारीचा नेहमीचा रेडिओ मागे पंधरा-सोळा सेंटिमीटर जातो. फेअरिंगच्या आत तेवढ्यात हेडलाइटची पाठ, स्पीडोमीटरच्या केबली आणि वायरींचा एक जुडगा असतो. सीडीचं यंत्र नसलेले आखूड पाठीचे रेडिओ मिळतात, तेच बघायचे. शिवाय फिरणारं यंत्र जितकं कमी तितकं बरं. खडबडीत रस्त्यावर सीडीचं काय होतं ते ज्यानं ऐकलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. वॉट मोजायला लागलो.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ५० वॉट गुणिले चार. आत पत्रकात, बारीक अक्षरात, खरी सतत मिळणारी ताकद बावीसच्या आसपास असते. वरचा पन्नासचा आकडा क्षणभराच्या उसळीचा. पण बावीस खरे धरले तरी त्यांचं काय होतं ते बघा. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॉट. याउलट स्पीकरची संवेदनशीलता बघा. एकाच वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आणि ९३ देणारा स्पीकर, यांत सहाचा फरक, म्हणजे चौपट वॉटांची बचत. इतके दिवस मी अॅम्प्लिफायरच्या जाहिराती वाचत होतो. वाचायला हवी होती ती स्पीकरच्या मागच्या चिठ्ठीवरची एक ओळ.

आणि हे सगळं कशासाठी, तर वाऱ्याला हरवण्यासाठी. वारा हरत नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतच वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कानांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेची निऑश ही संस्था जो हिशेब सांगते, त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. गणित करून बघा, शंभराला उरतात पंधरा मिनिटं. म्हणजे वाऱ्यावर मात करणारा रेडिओ बसवणं याचा अर्थ आधीच जास्त असलेल्या आवाजावर त्याहून मोठा आवाज ओतणं. मी कानात फोमची बोळी घालून गाडी चालवतो. बोळी घातली की वारा दबतो, रेडिओही दबतो. तेव्हा एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि मनाशी कबूल केलं की हा रेडिओ वेगात ऐकायचा नाहीच. तो ऐकायचा गावातून हळू जाताना, घाटाच्या वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, फाटकापाशी थांबल्यावर, उतरून पाठ मोकळी करताना. ही कबुली दिल्यावर निवड एकदम सोपी झाली. बाहेरचा वेगळा अॅम्प्लिफायर यादीतून गेला, त्याच्यासोबत पेटीत शिरणारी जाड केबलही गेली.

बॅटरीनंही सुटकेचा श्वास टाकला असेल. दुचाकीचा अल्टरनेटर महामार्गावर भरपूर वीज देतो, पण गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असताना, त्याच्या क्षमतेचा थोडाच भाग हाताला लागतो. त्यात हेडलाइटचे पंचावन्न वॉट, हिवाळ्यात गरम मुठींचे तीसेक, ब्रेकचा दिवा, फोनचं चार्जर. मोठा अॅम्प्लिफायर लावून फाटकापाशी गाणी ऐकायची म्हणजे उधारीवर जेवणावळ.

मग बाकी राहिलं पाणी, ऊन आणि हात.

पाण्यासाठी मी बोटीतल्या रेडिओंकडे वळलो. ज्यांनी खाऱ्या हवेचा विचार करून वस्तू बनवली त्यांनी पावसाचा विचार केलेला असणारच. यांच्या सर्किट बोर्डावर लाखेसारखा पातळ थर चढवलेला असतो, पुढचा भाग उन्हानं पिवळा पडत नाही. आयपी नावाचा आकडा लिहिलेला असतो, त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा; अंकाच्या जागी एक्स असेल तर ती परीक्षा घेतलेली नाही असा अर्थ. एक बारकावा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो. हा आकडा बऱ्याचदा फक्त पुढच्या तोंडाला लागू असतो. पाठ मोकळीच. आणि फेअरिंगमध्ये पाणी पाठीमागूनच येतं.

हातासाठी नियम एकच: हातमोजा घालून, न बघता, चालवता आलं पाहिजे. मोठ्ठा काचेचा पडदा असलेले रेडिओ दुकानात सुंदर दिसतात. बाहेर दुपारच्या उन्हात त्यात स्वतःचंच हेल्मेट दिसतं. बोटातली वीज ओळखणाऱ्या पडद्यांना साधा चामड्याचा मोजा म्हणजे परका माणूस. ते ओळखच देत नाहीत. मला हवा होता गोल फिरणारा नॉब. जाड, खाचांचा, टकटक करत फिरणारा. पाच रेडिओंमधून शेवटी जो घेतला तो त्या नॉबसाठी. आवाज चांगला आहे का, हे मी घेताना विचारलंही नाही. हे वाचून आवाजाचे शौकीन लोक कपाळावर हात मारतील. मारू देत.

बसवायचा दिवस रविवार. फेअरिंगचे स्क्रू काढले, कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यातच खोचून ठेवले. एवढी एक शिस्त मी पाळतो, बाकी बेशिस्तीची भरपाई म्हणून. बाहेरचं कवच उचललं आणि गाडीचं अंतरंग पहिल्यांदा पाहिलं. कोळ्याची जाळी, एक मेलेला भुंगा, गंजलेली क्लिप, आणि जुन्या रेडिओच्या अर्थच्या, म्हणजे वीज फ्रेममधून परत नेणाऱ्या, वायरीचं टोक. ते टोक फ्रेमला जिथं स्क्रूनं दाबलेलं होतं तिथं हिरवट पांढरी पूड जमली होती. बोट लावलं तर वायर सुटून हातात आली.

मी तसाच थोडा वेळ बसलो. मग जुना रेडिओ काढून टेबलावर ठेवला, बॅटरीवरून सरळ दोन वायरी दिल्या. पडदा उजळला. कुठलंसं स्टेशन खणखणीत लागलं.

म्हणजे रेडिओ मेलाच नव्हता. पावसात त्याची जमीन सुटली होती, बस्स. सॅंडपेपरचा एक तुकडा आणि नवा स्क्रू, इतकंच त्याला हवं होतं. नवा रेडिओ खोक्यात, चौकट खोक्याशेजारी, आणि ही दारात उभी. काही बोलली नाही. त्या न बोलण्यालाही व्याकरण होतं.

मी नवाच बसवला. कारणं शोधली तर सापडतात: जुन्याला बाहेरचं काही जोडायची सोय नव्हती, बटणं झिजली होती, कॅसेटचा कप्पा म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. कारणं खरी आहेत, फक्त ती नंतर आली. जुना रेडिओ आता माझ्या कामाच्या टेबलावर, सापडलेल्या एका स्पीकरला जोडून, रोज वाजतो. कधीच बंद पडत नाही. मला वाटतं तो मुद्दाम करतो.

वायरिंगचं म्हणाल तर मूळ वायरींना कात्री लावायची नाही, हे पक्कं. गाडीच्या जोडणीत बसेल असा मधला जोड घ्यायचा, सगळी कापाकापी त्या जोडाच्या वायरींवर करायची, म्हणजे मन बदललं तर माघार घेता येते. सोल्डरच्या ऐवजी नीट दाबलेला क्रिम्प, म्हणजे वायरीवर चिमटून बसवलेला धातूचा जोड. सोल्डर वायरीच्या तंतूंमध्ये वर चढतं आणि ती तेवढ्या भागात कडक करतं. मग इंजिनाच्या थरथरीनं वायर नेमकी त्या कडक भागाच्या टोकाशी तुटते. वर गरम करून आकसणारी नळी. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून बघायचं, कुठली वायर ताणली जाते, कुठली चिमटीत येते. आणि प्रत्येक वायर जोडाकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवायची. पाणी वायरीवरून घरंगळत येतं; त्या खालच्या वळणाशी थेंब होऊन गळून पडतं, जोडात शिरत नाही. वळचणीच्या पागोळ्यांचाच हा नियम, फेअरिंगच्या आत.

हँडलवरच्या जुन्या बटणांना नवा रेडिओ ओळखत नव्हता. त्यासाठी मध्ये एक दुभाषी डबी मिळते. ती बसवली, आवाजाची दोन बटणं चालली, स्टेशनचं एक चाललं आणि चौथं उलट दिशेनं चालतं. तसंच ठेवलंय. अंगठ्याला आता सवय झाली आहे.

पहिल्या चाचणीत सगळं वाजलं. किल्ली फिरवली, बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर रेडिओ कोरी पाटी. साठवलेली सहाही स्टेशनं गायब, घड्याळ बाराला. मी सहा वेळा तीच सहा स्टेशनं भरली. मोटारीच्या रेडिओत दोन वायरी वीज आणतात. पिवळी थेट बॅटरीची, कायमची, ती आठवण सांभाळते; लाल किल्लीची, ती जागं करते. माझ्या गाडीच्या मूळ जोडणीत त्यांच्या जागा उलट होत्या, आणि मी रंग बघून रंगाला रंग जोडला होता. मल्टिमीटर शेजारी पडलेला होता. किल्ली बंद करून कुठल्या टोकाला बारा व्होल्ट राहतात हे बघायला दहा सेकंद लागली असती. मी दीड तास घालवला.

पिवळी वायर सरळ बॅटरीवर म्हणजे गाडी उभी असतानाही ती थोडंथोडं पीत राहणार, हेही तपासून घेतलं. माझ्या मीटरवर दहा मिलीअॅम्पियर दिसले. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला पाव अॅम्पियर-तासाच्या जरा आत, महिन्याला सात. चौदा अॅम्पियर-तासांची बॅटरी महिनाभरात निम्मी. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची तर हा फ्यूज काढून ठेवतो. स्टेशनं जातात. जाऊ देत, परत भरायला आता माझा हात बसलाय.

मग शिट्टी. इंजिन चालू झालं की स्पीकरमधून एक बारीक शिट्टी, आणि अॅक्सिलरेटर पिळला की शिट्टीही चढते, उतरला की उतरते. सुरुवातीला मजा वाटली. अल्टरनेटरचा आवाज असा रेडिओत शिरतो तेव्हा बहुतेक वेळा दोष अर्थचाच असतो. रेडिओची अर्थ एकीकडे, अँटेनाच्या केबलचं बाहेरचं वेष्टण दुसरीकडे फ्रेमला टेकलेलं, आणि त्या दोन ठिकाणांत किंचित फरक असला की मधून नको तो प्रवाह फिरतो. दोन्ही एकाच जागी आणल्या, रंग खरवडून चकचकीत धातू काढला, घट्ट आवळलं, वर ग्रीस. शिट्टी गेली. आधीच्या रेडिओचा जीव ज्या स्क्रूखाली अडकला होता, तोच हा स्क्रू.

अँटेनाची हौस मात्र मी दडवू शकलो नाही. मागच्या पेटीशेजारी उभी सडपातळ काठी. एफएमच्या शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा चौथा भाग पाऊण मीटर, म्हणून काठी पाऊण मीटरची. आखूड, देखण्या, रबरी अँटेना मिळतात. शहरात त्या चालतात. शहराबाहेर पडलं की त्या दागिन्यासारख्या नुसत्या शोभेच्या.

पुढच्या महिन्यात आम्ही निघालो. सपाटीवर, वेगात, काहीच ऐकू आलं नाही, जसं ठरलं होतं तसंच. घाट लागला आणि वेग उतरला तसा रेडिओ वाऱ्यातून वर आला. आधी नुसती लय, मग शब्द. मागे राहिलेल्या शहराचं स्टेशन होतं. एक बाई कुणाच्या तरी हरवलेल्या चावीची गोष्ट सांगून हसत होती. वळण आलं की डोंगर मध्ये यायचा आणि तिचं वाक्य अर्धं गिळायचा. पुढच्या वळणावर तोंड उघडायचं तेव्हा ती भलतीकडे पोचलेली असायची.

माथ्याच्या जरा अलीकडे तिच्या आवाजात दुसरा आवाज डोकावला. त्याच आकड्यावर, पलीकडच्या खोऱ्यातलं स्टेशन. एफएमची ही खोड मला माहीत होती, ऐकली कधी नव्हती: दोन स्टेशनं एकमेकांत मिसळत नाहीत. ज्याचा जोर किंचित जास्त ते पूर्ण जिंकतं, दुसरं जवळजवळ नाहीसंच होतं. गाडी दोन हात पुढे गेली की ती बाई, आणखी दोन हात गेली की न समजणाऱ्या भाषेत बातम्या देणारा एक घोगरा पुरुष. खरखर जवळजवळ नाहीच. एकदा ही, एकदा तो.

माथ्यावर मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कानांतली बोळी काढली. खांद्यावर थाप पडली, हलकी, दोनदा. ही माझ्या माहितीतली नव्हती. मी मागे वळलो.

"जरा पुढे घे," ही म्हणाली. "पायानं ढकल हवं तर. त्या बाईला चावी मिळाली का ते कळायचंय."

मी दोन्ही पाय जमिनीला लावले आणि साडेतीनशे किलोची गाडी वीतभर पुढे ढकलली. बातम्या लागल्या. वीतभर मागे घेतली. हसणं ऐकू आलं, आणि मग जाहिरात.